आर्नोकाकांना दिलेलं आमंत्रण

डोंगराला मी कधीच घाबरलेलो नाही. शुगरलोफ माझ्या खिडकीतून दिसतो आणि लहानपणापासून मी त्याच्याकडे अगदी निर्भयपणे बघत आलोय.

मी जिच्याशी लग्न करणार आहे त्या मार्लीझचे वडील, आर्नोकाका, मला पारखायला दक्षिणेतल्या ब्लूमेनाऊहून रिओला आले. जेवताना त्यांच्या पानात फेजोआदा वाढत मी म्हणालो, "काका, एकदा शुगरलोफवर कड्यात ठोकलेली तार धरून चढू या. मी नेतो तुम्हाला."

रिओत असं सगळेच बोलतात. "घरी या एकदा" म्हणतात आणि पत्ता देत नाहीत. समोरचाही "नक्की येतो" म्हणतो आणि जन्मात येत नाही. आमच्याकडे हाच शिष्टाचार आहे. पण काकांनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "शनिवारी सकाळी चालेल?"

स्वयंपाकघरात मार्लीझनं मला गाठलं. "आता माघार घेऊ नकोस, रेनान. बोलून न करणारा माणूस बाबांना खपत नाही. मागचं स्थळ त्यांनी तेवढ्यावरून मोडलंय."

झालं! शनिवारी भाड्याचं शिरस्त्राण घालून मी कड्यावर होतो. कंबरपट्ट्याला दोन आकडे, दोन्ही तारेत अडकवलेले. तार जिथे खडकात ठोकलीय तिथे आधी एक आकडा काढून पुढे लावायचा, मग दुसरा. निम्म्या वाटेपर्यंत जमलं. मग मी खाली पाहिलं. पायांखाली नुसता समुद्र होता आणि किनाऱ्यावरची माणसं साबुदाण्याएवढी. आकडा काढायला हात हवा आणि हात तार सोडेना.

"काय झालं?" खालून काकांनी विचारलं.

"काही नाही. देखावा बघतोय."

"तुझं तोंड तर खडकाकडे आहे."

डोक्यावरून केबल कार गेली. आतली मंडळी कौतुकानं हात हलवत होती. मी कशीबशी मान हलवली. आता काका मला भित्रा ठरवणार आणि मार्लीझला घेऊन घरी जाणार. मी वर सरकेना आणि खालून काका "चल" म्हणेनात.

बऱ्याच वेळानं त्यांचा बारीक आवाज आला. "रेनान, मला उंची सोसत नाही रे. घरातला दिवा बदलायलासुद्धा मी शेजाऱ्याला बोलावतो."

"मग आलात कशाला?"

"तू एवढ्या प्रेमानं बोलावलंस. नाही कसं म्हणायचं?"

तासभर आम्ही दोघं तारेला मिठ्या मारून होतो. शेवटी केबल कारमधल्या कुणीतरी कळवलं म्हणून अग्निशामक दलाचे जवान आले आणि त्यांनी आम्हाला पोत्यांसारखं खाली उतरवलं.

खाली मार्लीझ रडवेली उभी होती. "बाबा, काय झालं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. "पोरगा घाबरला होता. त्याला एकट्याला टाकून मी वर कसा जाणार?"

माझं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण मुलगा चांगला आहे. मला पसंत आहे."

मी तोंड मिटलं.

लग्न डिसेंबरात आहे. ब्लूमेनाऊला मी अजून गेलेलो नाही, पण तिकडची सगळी भावकी मला ओळखते. परवा मार्लीझच्या आजीचा फोन आला होता. लग्नाचा हॉल तळमजल्यावरचाच घेतलाय, म्हणाल्या, काळजी करू नको.