पोळी बंद, घोषणा चालू

"प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. पोट साफ होणारी गाडी आजही रद्द करण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

ही सूचना मी सकाळी दात घासताना भिंतीपलीकडून ऐकली, चूळ भरली आणि कामाला लागले. अमरावतीच्या आमच्या कॉलनीत गावंडे काकांच्या शेजारी राहायचं म्हणजे त्यांच्या शरीराचं वेळापत्रक माहीत असावंच लागतं.

गावंडे काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. बसस्थानकावरच्या खिडकीआड बसून माइकवर गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर माइक सुटला, पुकारणं सुटलं नाही. नळ आले, सिलिंडरची गाडी आली, कोणाकडे पाहुणे उतरले, सगळं गेटजवळ उभं राहून पुकारलं जातं. पुकारताना भाषा छापील. पुकारून झालं की लगेच वऱ्हाडी सुरू. "नळाला पाणी आलेलं आहे" आणि पाठोपाठ "अवं, बादली लाव ना तिथं, पाह्यत काय बसली?"

काकू वळूनसुद्धा बघत नाहीत. संसारात मुरलेल्या बायकांना दुर्लक्ष करण्याची कला येते, त्यातलाच हा प्रकार, असं मी समजून होते.

काकांचं दुसरं वेड पंगतीचं. बुफेवर त्यांचा राग. हातात प्लेट घेऊन हिंडणाऱ्या माणसांकडे बघून ते मोठ्यानं म्हणतात, "उभ्यानं ढोरं खातेत." लग्नात यजमानासमोरही म्हणतात. जेवण म्हणजे जमिनीवर मांडी, समोर पत्रावळ आणि वाढणाऱ्याला दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा हो. अशा रीतीनं आयुष्यभर हो म्हणत गेल्यामुळे वजन वाढलं आणि गुडघे गेले. गेली काही वर्षं त्यांना खाली बसता येत नव्हतं. पंगतीच्या टोकाला टेबल-खुर्ची टाकून त्यांना बसवायचे, आणि ते तिथून पंगतीकडे सुटलेल्या गाडीकडे बघावं तसे बघत राहायचे.

माझी आई अकोल्याला असते. महिन्यातून एकदा मी कारनं जाते. एका खेपेला काकांना बरोबर नेलं, तिथल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला. वाटेत बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, सगळी गावं त्यांनी पुकारली. फलाट क्रमांकासह.

डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं की गुडघे बदलावे लागतील, आणि साखरही काठावर आहे. काकांनी एकच प्रश्न विचारला.

"ऑपरेशन झाल्यावर मले खाली बसता येईन काय?"

डॉक्टर म्हणाले, चालता येईल, जिना चढता येईल, पण जमिनीवर मांडी घालून बसणं विसरा.

"मंग ते ऑपरेशन मले नोको."

मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. काका ऐकेनात. शेवटी डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात वजन चांगलं उतरलं आणि दुखणं कमी झालं तर बघू, नाहीतर मी तारीख देतो, म्हणाले. म्हणजे आयुष्यभर खाण्यासाठी खाली बसलेल्या माणसाला आता खाली बसण्यासाठी खाणं सोडायचं होतं. पोळी, भाकर, भात, आलू, साखर बंद. खालच्याच मजल्यावर आहाराचा सल्ला देणाऱ्या एक तरुण मॅडम बसायच्या, त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

पहिली गडबड इथे झाली. पोळी बंद, भात बंद, हे ऐकल्यावर आमच्या कॉलनीत त्याचा एकच अर्थ होतो. काकूंनी साबुदाण्याची उसळ टाकली. दुसऱ्या दिवशी भगर आणि दाण्याची आमटी. समोरच्या वहिनींनी राजगिऱ्याचे लाडू पाठवले, कोपऱ्यावरच्या आजींनी शिंगाड्याचा शिरा. काका समाधानी होते. "काईच जड नाई डायट," मला म्हणाले, "आपल्या बायका एकादशीले हेच करतेत, फक्त बोलत नाईत." उपास कडक हवा म्हणून त्यांनी स्वतःहून मीठही सोडलं.

आठवड्यानं वजन वाढलं.

मी मॅडमना फोन लावून स्पीकर चालू केला. काय काय खाल्लं ते काकांनी अभिमानानं सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, "काकाजी, साबुदाणा म्हणजे पोळीचा बाप आहे."

त्या दिवसापासून मी लक्ष घातलं. मी एका शाळेचं ऑफिस सांभाळते आणि माझ्या फ्रिजवर कायम तीन याद्या असतात. चौथी करून काकांच्या फ्रिजवर लावली. पालक, मेथी, फुलकोबी, वांगं, पनीर, अंडी, ताक. आणि खरा आहार सुरू झाला.

खऱ्या आहाराचे पहिले दिवस कॉलनीनं ऐकून काढले. "डोकेदुखी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे." "उजव्या पोटरीत गोळा आलेला आहे, डाव्या पोटरीच्या प्रवाशांनी तयारीत राहावे." चक्कर, थकवा, झोप नाही, पोट साफ नाही. तोंडाला असा वास की मंडईत संत्र्याची पेटी विसरून राहिली असावी. चांदूर बाजारहून त्यांच्या धाकट्या भावानं खरोखरच संत्र्यांची पेटी पाठवली होती. ती काकांनी न उघडता आमच्याकडे आणून ठेवली आणि आमच्या गेटबाहेर जाऊन तिचा वास घेत उभे राहिले.

चिडचिड तर विचारू नका. भाजीवाल्यानं "काकाजी, आलू चांगला हाय" एवढंच म्हटलं, तर त्याच्याशी भांडले. बारीक झाला आहात असं मी म्हटलं, तर म्हणाले, "तुमी जेवून आल्या असान, म्हनून गोड बोलून राहिल्या."

मी पुन्हा मॅडमना विचारलं. त्यांनी सांगितलं की हे होतं. पीठ-साखर एकदम तुटली की सुरुवातीला शरीरातलं पाणी जातं आणि त्याबरोबर मीठही जातं. बीपी नाही ना? नाही. मग पाणी वाढवा, ताकात मीठ घाला, लिंबू घ्या, पालेभाजी दुप्पट करा, थोडे दिवस चालणं हळू ठेवा, आणि साखरेची गोळी सुरू झाली तर मला न विचारता काही करू नका. मी हे काकांना सांगितलं. ज्या माणसानं उपास म्हणून मीठ सोडलं होतं, त्यानं औषध म्हणून ते तितक्याच निष्ठेनं धरलं. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी मिठाची पुडी आली. गल्लीत कोणाशी बोलता बोलता ती निघायची, ताकाच्या बाटलीत चिमूट पडायची, बाटली हलायची, आणि बोलणं पुढे सुरू.

गोळे थांबले. डोकेदुखी थांबली. एका सकाळी "पोट साफ होणारी गाडी निर्धारित वेळेत सुटलेली आहे" असं ऐकू आलं आणि समोरच्या वहिनींनी अंगणातून टाळ्या वाजवल्या. वजन उतरू लागलं. काका रोज पलंगाची कड धरून थोडं थोडं खाली बसून बघायचे. आधी स्टुलावर, मग पाटाच्या चवडीवर, मग दोन पाटांवर.

मुदत संपत आली तेव्हा हनुमान मंदिरात रोडग्यांचा कार्यक्रम आला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि जमिनीवर पंगत. मला वाटलं, हाच तो दिवस. मी त्यांच्यासाठी भिंतीच्या कडेची जागा धरून ठेवली, टेकायला बरी. एक पाटही नेला.

काका आले आणि वाढपी झाले. "वांग्याची भाजी पूर्वेकडून निघालेली आहे," असं पुकारत दोन पंगती वाढल्या. स्वतः बसले नाहीत.

मी म्हटलं, "काका, आता जमतं तुम्हाला. एक दिवस बसा. रोडगा नका खाऊ, भाजी खा."

"अजून नाई, ताई," ते म्हणाले. "पयली बैठक दुसरीकडं ठरलेली हाय."

तीन महिने ज्या पंगतीसाठी हा माणूस मीठ चाटत हिंडला, त्या पंगतीत तो बसला नाही. मला याचा मेळ लागेना.

दोन दिवसांनी, रविवारी दुपारी, मला काहीतरी चुकल्यासारखं झालं. लक्षात आलं की सकाळपासून भिंतीपलीकडून एकही सूचना आली नव्हती. एरवी जेवणाच्या वेळेला तर "वरण! लोणचं! अवं, पाणी!" असा पुकारा हमखास असतो. मी फुलकोबीची भाजी वाटीत घेतली आणि मागच्या दारानं गेले.

स्वयंपाकघरात टेबल रिकामं होतं. काकू ओट्याजवळ जमिनीवर बसल्या होत्या, नेहमी बसतात तशा, मांडीजवळ ताट, ताटात भाकर. मुलाच्या लग्नात टेबल आलं, पण त्यांना खुर्चीवर घास गिळवत नाही. काकांचं जेवण झालं की त्या खाली बसून एकट्या जेवतात, हे मी अनेकदा पाहिलं होतं.

आज त्यांच्या बाजूला काका बसले होते. एका पाटावर, पाठ डब्यांच्या फळीला टेकलेली. एक पाय दुमडलेला, दुसरा थोडा पसरलेला. समोर पालक आणि ताक. ते काकूंच्या डाव्या कानाजवळ वाकून काहीतरी सांगत होते, आणि काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मला बघून काकांनी हात वर केला.

"बुढीले ऐकू कमी येते, ताई," ते म्हणाले. "मशीन लावत नाई, कानात किडा बसल्यावानी वाटते म्हनते. टेबलावरून बोललो त मले वरडाच लागते. अख्खी नोकरी मी खिडकीतून लोकायशी बोललो. आता घरातही तसंच बोलू काय?"

मी वाटी ओट्यावर ठेवली. उठायला हात देऊ का, विचारलं.

"लागन हात," काका म्हणाले. "पन तिचं जेवन झाल्यावर."

मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. काका पुन्हा काकूंच्या कानाशी वाकले. मधे एकदा काकू "खोटं नोका बोलू" म्हणाल्या, एकदा ताटलीवर भांडं वाजलं. काका खूप वेळ बोलत होते. चार हातांवर बसूनही मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.