माणिकरावांची काडतुसं आणि भिवाजीचा डबा

किन्हीराजा गावच्या माणिकरावांनी भर दुपारी खिडकीवर घोंगडं टांगलं, दार लावलं आणि चुलीपुढे फतकल मारली. बहात्तरच्या दुष्काळानंतर पहिल्यांदाच ज्वारी हुरड्यावर आली होती आणि रानडुकरं रोज सांजेला वावरात घुसत होती. घरात परवान्याची बंदूक होती, पण तिची पितळी काडतुसं पुन्हा पुन्हा भरून तोंडाशी तडकू लागली होती. अकोल्याच्या बंदूकवाल्यानं उपाय सांगितला होता, की रिकाम्या काडतुसाचं तोंड तेवढं तापवा, म्हणजे पितळ नरम पडतं. बूड मात्र तापू देऊ नका, नाहीतर काडतूस बंदुकीतच फाटेल. तापलेल्या पितळेचा रंग उजेडात कळत नाही, म्हणून हा सगळा अंधार.

माणिकराव मोठे सावध गृहस्थ. बंदुकीच्या दारूचा डबा त्यांनी आधीच बाहेर रांजणापाशी नेऊन ठेवला होता. आगीपासून लांब!

गवऱ्या निघाल्या ओल्या. छपराच्या कवेलूंमधून धुराचा लोट निघाला. शेजारच्या बेबीताईनं धूर पाहिला, बंद दार पाहिलं आणि आरोळी ठोकली, "धावा रे, माणिकभाऊचं घर पेटलं!"

आत माणिकराव डोळे चोळत होते. काडतुसांच्या तोंडाची लाली बुडाकडे सरकू लागली, हे त्यांना दिसेचना. तेवढ्यात कडी तुटली. पहिली बादली चुलीवर पडली, दुसरी माणिकरावांवर.

"अबे, कायले पाणी टाकून राह्यले? आग कुठी हाये?"

"आता कशी दिसंन?" शेजारचा भिवाजी छाती काढून म्हणाला. "इझवली न आमी!"

माणिकरावांनी चडफडत राखेतून एक काडतूस उचललं. तोंड नरम, बूड टणक! अगदी वेळेवर पाणी पडलं होतं. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला.

"लय उपकार झाले, बाप्पा. काडतुसं वाचली." मग त्यांची नजर भिवाजीच्या हाताकडे गेली. "हा डबा कुठचा रे?"

"रांजणापाशी होता. कोळशाची भुकटी होती त्याच्यात, देल्ली मोरीत ओतून. भांडंच नोतं भेटत."

माणिकरावांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, कपाळाला हात लावला. "आता काडतुसात काय भरता? राख?"

सांजेला डुकरं धुऱ्यावर, वावराच्या बांधाशी आली. माणिकराव नुसती काठी घेऊन एकटेच निघाले. मागे वळून पाहतात तो दुपारची सगळी फौज, त्याच बादल्या घेऊन! भिवाजीनं तो डबा असा काही बडवला, की डुकरं नाल्यापार पळाली. ज्वारी वाचली. माणिकरावांचे डोळे पुन्हा पाणावले, या खेपेला धुराशिवाय. असे शेजारी मिळायला नशीब लागतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

पुढच्या वर्षी काडतुसं पुन्हा नरम करायची वेळ आली. चूल पेटवण्याआधी माणिकराव बेबीताईच्या दारात गेले.

"बेबीताई, आमच्या घराले आग लागून राह्यली. सवडीनं या. न् भिवाजीले सांगा, डबा घरूनच आण म्हणा."