देवतळे काका वर आले का?

देवतळे काका कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी छत ठोकून पाहतात. त्यासाठी त्यांच्या गाडीत एक जुनी स्कीची काठी असते. हॉलच्या मधोमध उभं राहून ते काठीच्या मुठीनं छतावर दोन-चार ठिकाणी टकटक करतात, मान वाकडी करून ऐकतात आणि मगच खुर्ची निवडतात. आमच्याकडची त्यांची खुर्ची सोफ्यापासून लांब, दाराच्या चौकटीखाली आहे. "सोफ्याच्या वरचं पोकळ वाजून राहिलं," असं ते पहिल्या भेटीत म्हणाले होते. माझी बायको इथल्या विद्यापीठात भूशास्त्र शिकवते. अमेरिकेतल्या घरांची छतं सगळीकडेच पोकळ वाजतात, हे तिनं त्यांना समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि खुर्ची दाराखालीच ठेवली.

काका मूळचे नागपूरचे. तिकडच्या मँगनीजच्या खाणींतून कॅनडातल्या निकेलच्या खाणीत आणि तिथून इथे, मिशिगनच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियरजवळच्या निकेलच्या खाणीत आले. लग्न राहून गेलं. बोगद्यांची छतं तपासणं, बोल्ट कुठे मारायचे आणि माणसांना कुठे जाऊ द्यायचं नाही हे ठरवणं, हे त्यांचं काम. "मला घाबरायचाच पगार मिळते," असं ते सांगतात. दुसरं आवडतं वाक्य, "खडक कुणाचा मेव्हणा नाही." नवीन कामगाराला ते हे इंग्रजीत सांगतात. त्यात मेव्हणा कशासाठी, ते कुणाला कळत नाही. पण टोपी घट्ट करायची, एवढं कळतं.

गावाच्या दोन भीती आहेत. खाण नदी बिघडवेल ही एक आणि खाण संपेल ही दुसरी. बऱ्याच घरांत दोन्ही एकाच टेबलावर जेवायला बसतात. काकांना विचारलं तर ते तिसरी सांगतात, ती अर्थातच छताची. खाणकामगारांचा इथला पिढीजात डबा म्हणजे मांस-बटाटा भरलेली पेस्टी. काका तिला विलायती करंजी म्हणतात, बटाट्याचीच घेतात आणि ठेचा लावून खातात. त्यांच्या शिफ्टमधले दोन फिनिश आडनावांचे गडी आता ठेच्याशिवाय पेस्टी खात नाहीत.

आम्ही मराठी मंडळी इथे थोडी आहोत. विद्यापीठातले दोन-तीन संशोधक, हॉस्पिटलमधलं एक डॉक्टर जोडपं, घरून काम करणारे काही सॉफ्टवेअरवाले. कढीपत्ता न्यू जर्सीतल्या एडिसनहून येणाऱ्याबरोबर मागवायचा आणि संक्रांत-दिवाळी कुणाच्या तरी घरी करायची, असा रिवाज आहे.

गेल्या संक्रांतीला डॉक्टर जोडप्याकडे जमलो होतो. बाहेर गुडघाभर बर्फ. डॉक्टरीणबाईंच्या आईनं भारतातून आणलेल्या खड्या हिंगाचा डबा स्वयंपाकघरात उघडला आणि खडा गरम तेलात टाकला. इकडे दाराजवळ बसलेले काका ताडकन उठले. "स्टेंच! चला, सगळे बाहेर," असं म्हणत त्यांनी आधी पोरं उचलली, मग मोठ्यांना ढकललं. तिळगूळ हातात आणि पायांत नुसते मोजे, अशी सगळी मंडळी बर्फात उभी राहिली. काका माणसं मोजत होते. आजी शेवटी कढई घेऊनच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हिंग आहे."

खाणीत आग लागली की आत सायरन सगळीकडे पोचत नाही. म्हणून खाली जाणाऱ्या हवेत एक घाण वास सोडतात. आपल्या गॅस सिलिंडरला येतो, त्याच जातीचा. तो आला की हातातलं काम टाकून जवळच्या आसरा-खोलीत जायचं, दार लावायचं आणि बोलावणं येईपर्यंत बाहेर पडायचं नाही. काकांनी हे, आणि घरात आसरा-खोली नसते म्हणून बाहेर, असं बर्फात उभं राहून सगळ्यांना समजावलं. माफी मागितली नाही. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमच्या घरी आमटी कशी होते?" काका म्हणाले, "बिनहिंगाची."

त्यांची आणखी एक सवय होती, ती गमतीची वाटायचीही बंद झाली होती. शिफ्ट संपवून जमिनीवर आले की ते आमच्या ग्रुपवर दोन शब्द टाकायचे. 'वर आलो.' रोज. उत्तर कुणी देत नसे. टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून नवीन आलेल्या एकानं मला विचारलं होतं, "हे काका सेकंड फ्लोअरला राहतात का?" बहुतेकांनी ग्रुप म्यूट केलेला होता.

मार्चमधल्या एका दुपारी स्थानिक रेडिओनं बातमी दिली. खाणीत एका लोडर यंत्राला आग लागली आहे, खालची माणसं आसरा-खोल्यांमध्ये आहेत, सगळ्यांशी संपर्क झालेला नाही. इथे येण्याआधी मी पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो; काका मला अजून संपादकच म्हणतात. शेवटच्या वाक्याचा अर्थ मला कळला.

बायकोचा विद्यापीठातून फोन आला. काकांचा मेसेज आलाय का, एवढंच तिनं विचारलं. आला नव्हता. शिफ्ट सुटायची वेळ होऊन गेली. मग ग्रुपवर एकेक जण लिहायला लागला. काका वर आले का? फ्रिस्कोवाल्यानंही विचारलं. डॉक्टरांनी लिहिलं की हॉस्पिटलला तयार राहायला सांगितलं आहे. मी गाडी काढली.

खाणीचा रस्ता जंगलातून जातो. एरवी त्यावर खनिजाचे ट्रक सतत असतात. त्या दिवशी एकही नव्हता. फाटकाजवळच्या मैदानात पिकअप गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. बाया काचा खाली करून फाटकाकडे बघत होत्या. खाणीतून बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेला तो वास होता. हिंगाचा नव्हता.

फाटकावरच्या माणसानं सांगितलं, फक्त घरच्यांनाच थांबता येईल. मी 'अंकल' म्हणालो. बातमीत हे मी छापू दिलं नसतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, देवतळे हे नाव स्वतःच उच्चारलं, आणि बोट दाखवून जागा दिली. शेजारच्या गाडीतल्या कॅरोल नावाच्या बाईनं थर्मासमधली कॉफी दिली. तिचा नवरा खाली होता. ती म्हणाली, काही कळलं तर एकमेकांना सांगू. नंतर तिनं काच वर केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

अंधार पडायच्या सुमारास फाटकाच्या आत व्हॅन आली. माणसं उतरली. काळी तोंडं, हातात टोप्या. मग गाड्यांची दारं उघडली आणि नावं ऐकू यायला लागली. कॅरोल पळत गेली. जो बाहेर येई त्याला कुणीतरी ओढून घेई. दुसऱ्या व्हॅनमधून उतरलेल्यांत काका होते.

ते गर्दीत शिरले नाहीत. मिठ्या मारणाऱ्यांना वाट देत, कडेकडेनं, खाली बघत आपल्या गाडीकडे निघाले. खिशातून फोन काढला आणि दोन-तीनदा दाबून पाहिला. तो बंद पडला होता. मी आडवा गेलो तेव्हा त्यांनी मान वर केली, आणि चेहरा एकदम उतरला. इतकी वर्षं घाबरायचा पगार घेणाऱ्या माणसाच्या तोंडावर मी भीती पहिल्यांदा पाहिली.

"संपादक, तुम्ही इथे?" त्यांनी माझा दंड धरला. "आपलं कोण राहिलं आत? नाव सांगा."

मी काही सांगण्याआधीच त्यांनी टोपी डोक्यावर चढवली होती आणि ते फाटकाकडे वळले होते. मी त्यांची बाही धरली.

"काका, तुम्हाला न्यायला आलोय."

काका थांबले. मग त्यांनी हळूच मागे वळून पाहिलं, मी नक्की कुणाशी बोलतोय ते.