चतुराबाईचं ठिगळ

भोकरदनच्या तहसील कचेरीत गिरदावर म्हणून जमिनी मोजणाऱ्या नरहरला साहेबांनी एका सकाळी बोलावलं आणि सांगितलं, की आपल्या भागात विमान चालवायला शिकवायची शाळा निघते आहे, तिच्यासाठी जागा बघा. आजवर नरहरनं विहिरीला, चावडीला, फार तर कोंडवाड्याला जागा दाखवली होती. विमानाला कसली जागा लागते, असं त्यानं विचारलं. साहेब म्हणाले, "सपाट." याहून जास्त त्यांनाही माहीत नव्हतं.

नरहरला मात्र या कामानं पछाडलं. विमानाला शेपूट कशाला, ते मागं सरकतं का, वर गेल्यावर थंडी वाजते का, असं काहीबाही तो जेवताना बायकोला विचारू लागला. तारा एकदा वैतागून म्हणाली, "मला काय विचारून राह्यले? बसून बघा न एकदा." ती सहज बोलून गेली, पण नरहरच्या डोक्यात ते पक्कं बसलं. जागा पसंत पडली, की वैमानिकाला म्हणायचं, साहेब, एक चक्कर.

त्यानं भोकरदनबाहेरचं गायरान हेरलं. शाळा काढणाऱ्या मंडळींचे कॅप्टन दस्तूर स्वतः तिथं विमान उतरवून बघणार होते. त्यांच्याकडे दोन जातींची विमानं होती. एक जुनं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं, थोडक्या जागेत उतरणारं. दुसरं नवं, पत्र्याचं. त्याला धावायला लांबलचक जमीन लागे. इथं यातलं कोणतं चालेल, तेही त्याच दिवशी ठरायचं होतं. अनोळखी जागेत थोडक्यात उतरता यावं म्हणून कॅप्टन कापडाचं घेऊन येणार होते. त्यांचा निरोप होता, की मैदानात धूर करून ठेवा, म्हणजे जागा कळेल आणि वाराही कळेल.

नरहरनं कडब्याचा ढीग रचून पेटवला. कडबा इतका खडखडीत वाळलेला, की धूर न करता तो भडकला आणि विमानाची घरघर ऐकू येईपर्यंत त्याची राख झाली. नरहर उपरणं हलवत धावला. विमान त्याच्या डोक्यावरून तसंच पिंपळगाव रेणुकाईकडे गेलं. तिथं कडूबा पाटलाचं गुऱ्हाळ चालू होतं आणि चुलवाणातून धुराचा काळाभोर खांब उठला होता.

सायकल हाणत नरहर पोचला, तेव्हा कॅप्टन दस्तूर काहिलीजवळ बाजेवर बसून उसाचा रस पीत होते आणि सगळं गाव त्यांच्याभोवती गोळा झालं होतं. मुंबईचा गोरापान, हसरा पारशी माणूस. जागेवर बेहद्द खूश. "तुमी कळवली त्याच्यापेक्षा बेस्ट जागा हाय, बाबा," ते म्हणाले. ही ती जागाच नव्हे, हे नरहरच्या ओठांवर आलं होतं. पण खूश झालेला माणूस चक्कर मारून आणतो, असा विचार करून त्यानं ते गिळलं.

सगळे गुऱ्हाळावर, त्यामुळे शेजारच्या चराईच्या रानात उतरलेल्या विमानाकडे कोणी बघत नव्हतं. चतुराबाईची शेळी तेवढी तिकडं गेली. शेपटीच्या कापडावर चढवलेलं रोगण तिला काय चवीचं लागलं कोण जाणे. लोकांचं लक्ष गेलं, तोवर ताटाएवढं भोक पडलं होतं.

कॅप्टन रागानं उठले. पण तक्रार घेऊन त्यांच्या आधी चतुराबाईच आली. एकटी राहणारी, शेळ्यांवर पोट भरणारी ही बाई; पाटीलसुद्धा तिच्याशी बेतानं बोलत. शेळी मान टाकून उभी होती आणि तिचा जबडा हलत नव्हता.

"माज्या शेळीला काय इखार चारलं यानं," चतुराबाई म्हणाली. "ती रवंथ करस्तोर इमान हालायचं न्हाई." आणि शेळीला घेऊन ती विमानाच्या पंख्यासमोर मांडी घालून बसली.

कडूबा पाटलानं समजावून बघितलं. बाई ढिम्म. मग काय, गाव, पाटील, गिरदावर आणि कॅप्टन, सगळे शेळीच्या तोंडाकडे बघत बसले. कोणी ओवा चारला, कोणी पोट चोळलं. कॅप्टननं हळूच विचारलं, की रवंथ म्हणजे काय. नरहरनं सांगितलं, आधी गिळायचं आणि मग सवडीनं चावायचं. कॅप्टनला हे फार आवडलं. त्या बदल्यात त्यांनी नरहरला शेपूट, पंख, सुकाणू असं सगळं फिरून दाखवलं. शेळीनं आणखी वेळ घेतला तरी चालेल, असं नरहरला वाटू लागलं.

दुपार कलल्यावर शेळीचा जबडा एकदा हलला. पुन्हा हलला. मग ती संथपणे रवंथ करू लागली आणि अख्खं गाव हुश्श झालं. कॅप्टननं तर डोक्यावरची टोपी काढली.

आता भोकाचं काय? कॅप्टनजवळ रोगणाचा डबा होता, कापड नव्हतं. धोतरं विरविरीत निघाली, पोती जाड. तेव्हा चतुराबाई घरी गेली आणि भावानं दिलेलं, घडी न मोडलेलं हिरवं लुगडं घेऊन आली. "शेळी माजी, तं ठिगळ बी माजंच," असं म्हणून तिनं ते टर्रकन फाडलं. रुपेरी शेपटीवर लाल काठाचं हिरवं ठिगळ बसलं.

रोगण वाळल्यावर कॅप्टन म्हणाले, जायच्या आधी एक चक्कर मारून बघू या. मग नरहरकडे वळून त्यांनी विचारलं, "येनार?"

ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते समोर आलं होतं. नरहरनं ठिगळाकडे बघितलं. शेळीला खाता येतं ते कापड, आणि बाईला हातानं फाडता येतं ते ठिगळ. तो म्हणाला, "साहेब, आधी एकदा रिकामंच फिरवून बघितलं तर?"

"मी बसते," चतुराबाई म्हणाली. "भावानं दिलेलं लुगडं हाये. ते इरायचं न्हाई." तिनं पदर खोचला, शेळीची दोरी नरहरच्या हातात दिली आणि विमानात चढून बसली.

विमानानं गावावर मोठा फेरा घेतला. ठिगळ टिकलं. बाई खाली उतरली, तेव्हा विमानाची शाळा आपल्या गावात येणार म्हणून सकाळपासून ऐटीत असलेल्या कडूबा पाटलानं विचारलं, की वरून गाव कसं दिसतं.

"मुठीएवढं," ती म्हणाली. "अन् चराईचं रान त्याच्याहून बारकं. तेवढ्यात शाळा घातल्यावर मंग शेळ्या कुटं चारायच्या?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. शेळी कोणाकडे नव्हती? कॅप्टनही हिशेबाला लागले: कापडाचं विमान इथं शेळ्या खाणार, आणि पत्र्याच्या विमानाला ही जमीन अपुरी. आपण कळवलेली जागा ही नव्हे, भोकरदनचं गायरान, हे नरहरनं आता कबूल केलं, तेव्हा तिथं शेळ्या आहेत का, असं त्यांनी विचारलं. नरहरनं खरं ते सांगितलं, की तिथं इथल्यापेक्षा जास्त आहेत. कॅप्टन हात हलवून उडून गेले आणि शाळा दुसऱ्याच मुलखात निघाली.

पुढं कितीतरी दिवस नरहर बाजाराच्या दिवशी चतुराबाईला गाठून विचारत राहिला. थंडी वाजते का? ढग ओला लागतो का? ती भाजी निवडता निवडता सगळं सांगायची. एकदा त्यानं धीर करून विचारलं, की वर भीती वाटली का.

"वाटली की," चतुराबाई म्हणाली. "शेळी तुमच्यापाशी व्हती न."