टिळेकरकाकूंची दारू

टिळेकरकाकूंच्या घरातला फ्रिज बंद असला की समजायचं, काकू दारू मोजतायत. मला हे माहीत नव्हतं. जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या त्या बिल्डिंगमध्ये मी नुकतीच राहायला आले होते. वरच्या मजल्यावर मराठी पाटी दिसली म्हणून कढीपत्ता मागायला गेले. दार चार बोटं उघडलं. आत साठी उलटलेल्या एक बाई. सलवार-कमीज, त्यावर लोकरी कोट, डोळ्यांना कारखान्यात घालतात तसला मोठा पारदर्शक चष्मा. मी नमस्कार म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "श्वास तिकडे सोड. दारू मोजतेय."

मी मुकाट्याने जिन्याकडे तोंड करून श्वास सोडला. कढीपत्ता काही मिळाला नाही. रात्री पुण्याला आईला फोनवर हे सांगितलं, तर तिने त्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं बजावलं.

दारू बंदुकीची होती. काकू रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरी भरायच्या. नेमबाजीत उडवून झालेली पितळी पुंगळी स्वच्छ करायची, बुडाला नवी टिकली बसवायची, दारू घालायची आणि वर शिशाची गोळी दाबून बसवायची. इथे त्यासाठी अभ्यासक्रम असतो, परीक्षा असते, परवाना असतो. काकूंनी ते सगळं रीतसर केलं होतं, तेही जर्मनमधून. दारू भरताना टेबलावर एकच डबा. फोन बाथरूममध्ये. हीटर बंद, कारण गरम हवा हलते आणि वजनाचा काटा फसतो. फ्रिज बंद, कारण त्याच्या घरघरीने टेबल थरथरतं. हे दुसरं कारण मला कधी पटलं नाही, पण दोन तासांत आइस्क्रीमची खीर झाली तरी काकूंना त्याचं काही वाटायचं नाही.

स्वयंपाक मात्र सगळा अंदाजपंचे. आमटी कधी अळणी, कधी इतकी खारट की मी ताक मागून घ्यायचे. एकदा धीर करून म्हटलं, "काकू, तो काटा जरा इकडेही वापरा की." तर म्हणाल्या, "मिठाने कुणाची बोटं उडत नाहीत."

आधी त्यांना बंदुकीचा तिटकाराच होता. बंदूक काकांची. काका इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनं तपासायचे आणि दर शनिवारी नेमबाजीच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, जायचे. ते गेले आणि काकूंना आम्टातून, सरकारी कचेरीतून, बोलावणं आलं. तिथल्या बाईने सांगितलं की रिव्हॉल्व्हर वारसाने विकावं, जमा करावं, नाहीतर नळीत कुलूप बसवून ठेवावं. काकूंनी विचारलं, कुलूप बसवल्यावर ते वाजेल का? बाई म्हणाली, नाही, तेवढ्यासाठीच तर बसवायचं. तसंच ठेवायचं असेल तर तुम्हाला स्वतः नेमबाज व्हावं लागेल. काकू म्हणाल्या, "गेनाऊ, बरोबर. मग होते." आणि त्या वयात काकू खरंच नेमबाज झाल्या. एका डोळ्याला मोतीबिंदू होऊ घातलेला असताना.

दारूची निवड तर त्यांनी लग्नाच्या शालूसारखी केली. दुकानदाराने आधी एक स्वस्त, घट्ट बारीक दाण्यांची दारू पुढे केली. चिमूटभर पुरते म्हणाला. काकूंनी विचारलं, हात चुकून दोनदा पडली तर? तर रिव्हॉल्व्हर फुटेल. आणि दोनदा पडलेली दिसेल का? दुकानदार म्हणाला, नाही, पुंगळी मोठी आहे, दोन्ही वेळा अर्धी रिकामीच दिसते. काकूंनी डबा परत त्याच्याकडे सरकवला. तासभर त्याचं डोकं खाऊन त्यांनी दुसरी घेतली. फुगीर, पातळ पापुद्र्यांची. ती दोनदा पडली तर पुंगळीबाहेर सांडते. "चूक डोळ्यांना दिसली पाहिजे," त्या मला म्हणाल्या. हे वाक्य पुढे सगळीकडे लागू झालं. माझं साहेबाशी वाजलं आणि मी घुमेपणाने बसले, तेव्हाही काकू म्हणाल्या, "मनात ठेवू नकोस. त्याला दिसू दे."

एका शनिवारी त्यांची गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून मी त्यांना माझ्या गाडीतून फेराइनला घेऊन गेले. तिथला प्रकार बघून मी चक्रावले. काकूंनी नवी काडतुसं काढली. पुस्तकात दिलेल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात करून त्या दर खेपेला अगदी कणभर वर जात होत्या. पहिली गोळी त्यांनी स्वतः झाडली, कारण काही फुटायचं असेल तर ते आपल्या हातात फुटावं. रिकामी पुंगळी भिंगाखाली पाहिली. मग उरलेली काडतुसं आणि रिव्हॉल्व्हर त्यांनी ब्रांट यांच्या हवाली केलं. ब्रांट म्हणजे निवृत्त पोस्टमन, अनंतकाकांचे जुने दोस्त; त्यांना ते 'आनंत' म्हणायचे. आणि काकू चक्क बाहेर निघून गेल्या. भिंतीपलीकडे क्लबाची कॉफी प्यायची खोली आहे, तिथे कोपऱ्यातल्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसल्या.

ब्रांट यांनी शांतपणे पाच गोळ्या झाडल्या आणि बाहेर आले. काकूंनी नाही अशी मान हलवली. "नाइन." ब्रांट यांनीही मान हलवली. हे म्हणे बरेच महिने चाललं होतं. निशाणाचा कागद कुणी बघतही नव्हतं.

परतताना मी विचारलं, हे सगळं कशासाठी?

"हे आत असायचे आणि मी तिथे बसायचे. किती वर्षं. चिडून बसायचे अगं, शनिवार वाया गेला म्हणून. आत सहा-सात जण बार काढत असायचे, पण ह्यांचा मला ओळखू यायचा. मऊ होता. शेजारच्या खोलीत कुणी पाट खाली ठेवावा तसा. तो थांबला की मी पर्स आवरायचे."

मी गाडीचा वेग कमी केला.

"ह्यांचा बोलण्याचा आवाज मला आता आठवत नाही, ऋता. फोनमध्ये पण नाही. जेव्हा बघावं तेव्हा नुसते फोटो काढायचे, व्हिडिओ एकही नाही. हा एवढा एक आवाज आठवतो. तो तरी बनवता येईल असं वाटलं."

काका कोणती दारू वापरायचे, मी विचारलं. ती पहिली, घट्ट बारीक दाण्यांची. त्यांचा डबा घरात होता, पण तेव्हा काकूंकडे परवाना नव्हता म्हणून तो जमा करावा लागला. मग तीच आणा ना, मी म्हटलं, त्याशिवाय तसा आवाज कसा येणार?

"ती माझ्या हातांसाठी नाही," काकू म्हणाल्या. "तुला वाटतं मी मीठ अंदाजे घालते. मी मोजूनच घालते. पण घातलं की नाही ते आठवत नाही, म्हणून कधी पुन्हा घालते, कधी घालतच नाही."

एवढं बोलून त्यांनी मला पुढच्या सिग्नलला उजवीकडे वळायला सांगितलं. घर डावीकडे होतं.

त्यानंतर त्या थांबल्या नाहीत. दारू तीच, पण शिशाची गोळी कधी कणभर जास्त आत, कधी कमी, कधी वेगळ्या वजनाची. पुस्तकाने आखलेल्या वरच्या मर्यादेच्या जवळसुद्धा त्या गेल्या नाहीत. मी दर आठवड्याला विचारायचे. त्या मान हलवायच्या. मग मी विचारणं सोडलं.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला वर बोलावलं. फ्रिज बंद होता. टेबलावर काटा, डबा आणि लाकडी ठोकळ्यात उभ्या केलेल्या पुंगळ्या. त्यातल्या एका पुंगळीभोवती राखाडी पापुद्र्यांचा छोटा ढीग सांडला होता. काकू हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"ही भरलेली होती. मी परत भरली."

सांडली म्हणून कळलं ना, काही झालं नाही ना, असं काहीबाही मी बोलत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ब्रांटना फोन लाव. डबा आणि बंदूक आजच घेऊन जा म्हणावं. कागदपत्रांचं उद्या बघू. आणि मला त्या डोक्याच्या डॉक्टरकडे वेळ घेऊन दे, टेर्मिन. उशिराची नको."

तपकिरी कागदाच्या पिशवीने पुंगळ्या झाकून त्या उठल्या आणि फ्रिजचं बटण चालू केलं. मी फोन करेपर्यंत त्या तिथेच, फ्रिजवर तळहात टेकून उभ्या होत्या.

ब्रांट तासाभरात आले. त्यांच्याकडे सगळे परवाने होते, त्यामुळे फार अडचण आली नाही. सामान गाडीत ठेवायला मी त्यांच्याबरोबर खाली गेले. रिव्हॉल्व्हरची पेटी डिकीत ठेवून कुलूप लावलं तरी ब्रांट निघेनात. किल्ली हातात फिरवत उभे राहिले. म्हणाले, एक गोष्ट सांगायची होती, वर सांगता आली नाही.

मागच्याच शनिवारी त्यांनी नेहमीसारख्या पाच गोळ्या झाडल्या आणि बाहेर आले. काकूंच्या टेबलावर दोन कप होते. समोरच्या खुर्चीपुढे कॉफी ठेवली होती, ढवळून, चमचा बाजूला काढून. काकूंनी पर्स आवरून मांडीवर घेतली होती. त्यांनी ब्रांट यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागच्या दाराकडे, आणि तिथेच बघत राहिल्या. त्या दिवशी 'नाइन' म्हणाल्या नाहीत.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"बसलो," ब्रांट म्हणाले. "आनंत दोन साखर घ्यायचा. मला डॉक्टरने मना केली आहे. सगळी प्यायलो."