लाल वायर कुठे लावायची?

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणं म्हणजे काय हो? दोन स्क्रू, दोन वायरी, तासाभराचं काम! असं मी सकाळी दहा वाजता म्हणालो होतो. आता ते वाक्य आठवलं तरी कंबर दुखते.

गाडी सासऱ्यांची. वयाने माझ्यापेक्षा मोठी. इंजिन मागे, आणि त्याला गार करायला पाणी नाही, नुसती हवा! चालू करणं म्हणजे घसा बसलेल्या बुवांचं कीर्तन. खाकरणं फार, सूर कधीतरी. माझा मात्र तिच्यावर जीव. सासरे म्हणाले होते, "जावईबापू, पाचला येतो. पहिल्या चावीला सुरू झाली तर गाडी तुमची. नाहीतर रविवारी गिऱ्हाईक येतंय!"

ठिणगी वेळेवर पडावी म्हणून आत 'पॉइंट' नावाचा इवलासा ऐवज असतो. उघडझाप करून करून तो झिजतो. तो काढून मी कचऱ्यात टाकला आणि त्या जागी नवी डबी बसवली. आता तिची लाल वायर ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. बस्स! पण कॉइलवर प्लस-मायनस काही नाहीच! एका टोकाला १५, दुसऱ्याला १.

"अगं, मेकॅनिकला फोन लाव! माझे हात बरबटलेत."

बायकोने लावला. "दादा, हे स्वतःच बसवतायत. हो, स्वतःच!"

"लाल कुठे, ते विचार ना!"

"लाल वायर कुठे लावायची विचारतायत. डबी मात्र अगदी घट्ट बसवलीय हं त्यांनी... बरं, बरं!" तिने फोन ठेवला. "एक नंबर म्हणाले!"

लाल वायर एक नंबरला. काळी पंधराला.

"फिरव चावी!"

फुस्स! उदबत्तीसारखी धुराची एक नाजूक रेघ निघाली आणि संपली.

या वेळी फोन मीच कानाला लावला.

"अहो साहेब," मेकॅनिक कळवळला, "एक नंबर मी तुमच्या कामाला म्हटलं! लाल पंधराला! पुढचं सांगेपर्यंत वहिनींनी फोन ठेवला!"

"मग आता?"

"नवी डबी मागवावी लागेल. आठ दिवस."

घड्याळात साडेचार! मी कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. जुन्या पॉइंटवरची चहापत्ती झटकली, बायकोच्या नखांच्या कानशीने त्याला घासलं, डबी काढून तो पुन्हा जागेवर बसवला, दुमडलेलं कार्ड घालून फट बेतली आणि हात जोडले.

पाचच्या ठोक्याला सासरे आले. थेट गाडीत बसले, चावी फिरवली. सुरू झाली! पहिल्या चावीला!

"वा! इलेक्ट्रॉनिक ते इलेक्ट्रॉनिक!" सासऱ्यांचा चेहरा फुलला. "जावईबापू, इतकी सुधारेल असं वाटलं नव्हतं हो. आता कुणाला कशाला द्यायची? मीच वापरतो!"

मी तोंड उघडलं. सत्य बोलावं यावरची कितीतरी कीर्तनं मी पहिल्या रांगेत बसून, डोळे पुसत ऐकली आहेत. पण सासरे खिडकीतून लहान मुलासारखे हात हलवत होते.

"सावकाश न्या, बाबा," एवढंच निघालं.

"का नाही सांगितलंत?" बायको.

"ठेव गं ती कानस जागेवर."

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा फोन! त्यांच्या मित्रालाही गाडीला अगदी तसंच इलेक्ट्रॉनिक बसवून हवंय. मी हो म्हणालो. अट एकच घातली: जुना पॉइंट कुणी फेकायचा नाही!