ठकुबाईच्या जिभेची ख्याती

गुंजवण्यात भात झोडायला सुरुवात झाली की ठकुबाईला घास गिळायची फुरसत मिळत नसे. कुणाच्या डोळ्यात कुसळ जाई, कुणाच्या भुसकट. माणूस आला की ठकुबाई त्याला ओट्यावर बसवी, पापणी उलटी करी आणि जिभेच्या शेंड्यानं कचरा अलगद टिपून घेई. तीस वर्षं अख्ख्या गावाचे डोळे आपल्यामुळे शाबूत आहेत, असं तिला वाटे. आणि ती ते ऐकवीही.

यंदा नेमकं कुसळ तिच्याच डोळ्यात गेलं. आली का पंचाईत! स्वतःची जीभ स्वतःच्या डोळ्याला पोचते थोडीच?

सून वैष्णवी म्हणाली, "आत्याबाई, म्या बगू का?"

"तू? तुला धड दूध तापवता येत न्हाई!"

मग ठकुबाईनं स्वतःच पदराच्या टोकानं खरवडून पाहिलं, वर मध घातला. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला. उजेड सोसेना, एका जागी बसवेना. घरातल्या घरात येरझाऱ्या घालून पाय भरून आले. डोळा जातोय की काय, अशी धास्ती पडली. पण दवाखान्यात गेल्याचं गावाला कळलं तर तीस वर्षांचं नाव मातीत! शेवटी मिरच्या आणायच्यात असं सांगून तिनं डोक्यावरून पदर ओढला आणि वेल्ह्याची जीप गाठली.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकड्यावर चिमाजी बसलेला, एका डोळ्यावर रुमाल धरून. परवाच तिनं त्याचं कुसळ काढलं होतं. शेजारी गावचेच कुंडलिक आणि आनंदराव, दोघंही भिंतीकडे तोंड करून.

"तू हितं कसा रं?"

चिमाजी चाचरला. "बीपी तपासायला. आन् तुमी, मावशी?"

"मिरच्या घ्यायला."

तेवढ्यात तिचा नंबर लागला. पडद्याआड डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात औषध घालून निळ्या उजेडात पाहिलं आणि कुसळ काढलं. "वेळेवर आलात, बुबुळावर ओरखडा आहे. कुणी जीभ नाही ना लावली? तुमच्या गावची माणसं दर वर्षी डोळे सुजवून येतात. तोंडातली घाण डोळ्यात जाते हो! पण त्या बाईचं नाव कुणी म्हणता कुणी सांगत नाही."

पडद्याबाहेर बाकडं करकरलं. ठकुबाईला घाम फुटला. गप्प बसली असती तर सुटली असती.

"म्याच ती," ती म्हणाली.

काळा चष्मा लावून ती बाहेर आली, तर तिघांच्याही माना खाली.

"दर साली हितं येता व्हय रं?"

"व्हय. आदी तुमच्याकडं, मग हितं."

"मग मुडद्यांनो, सरळ हितंच का मरत न्हाई?"

चिमाजी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाला, "तुमाला वाईट वाटलं असतं."

ठकुबाईला भडभडून आलं. "माज्या भिडंपायी डोळं घालवता? आँ?" ती ओरडली आणि धप्पकन त्याच्या शेजारी बसली. तिला राहवेना. चष्मा वर सारून ती मायेनं त्याच्याकडे वाकली.

"लई दुकतंय का रं? बगू."

तिघांनीही झटकन दोन्ही हातांनी डोळे झाकले.